काळ्या मातीवरचे डांबर : वऱ्हाडातील झिजलेल्या रस्त्यांची किफायतशीर सुधारणा

वऱ्हाडातील डांबरी रस्त्याची झीज दोन दिशांनी होते. वरून ऊन आणि चाक त्याला झिजवतात, आणि खालून काळी माती त्याला हलवते. उत्तरेस गाविलगडचे डोंगर आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगांचे पठार यांच्या मधल्या पूर्णा खोऱ्यात अमरावती आणि अकोला जिल्ह्यांचा मोठा भाग येतो, आणि या सपाट, सुपीक, कापूस-सोयाबीनच्या प्रदेशात रस्ता बांधणे जितके कठीण, त्याहून तो टिकवणे कठीण आहे. त्यामुळे झिजलेला पृष्ठभाग कमी खर्चात कसा सुधारावा, या प्रश्नाचे उत्तर येथे केवळ कोणत्या थराचा दर चौरस मीटरला कमी आहे, एवढ्यावरून देता येत नाही. झीज वरची आहे की खालची, हे ठरल्याशिवाय कोणत्याही पद्धतीला स्वस्त किंवा महाग म्हणण्यास अर्थ उरत नाही. येथे पाणी काढणे, वेळेवर पातळ लेप देणे, जुन्या रस्त्यातील साहित्य पुन्हा वापरणे आणि फक्त गरज असेल तेथेच जाड थर टाकणे, अशा उपलब्ध पद्धतींचा विचार केला आहे, आणि खर्चाची चढणही साधारण याच क्रमाने आहे.

काळ्या कपाशीच्या जमिनीत मॉन्टमोरिलोनाइट गटातील चिकणमातीचे खनिज मोठ्या प्रमाणात असते. पाणी मिळाले की या खनिजाचे थर एकमेकांपासून दूर सरकतात व माती फुगते, आणि ती वाळली की आक्रसून तिला खोल भेगा पडतात. रस्त्याच्या मध्यभागी डांबराचे छत्र असल्यामुळे खालच्या मातीतील ओलावा वर्षभर फारसा बदलत नाही, पण कडेची माती पावसाळ्यात भिजते आणि उन्हाळ्यात पार सुकते. मध्य स्थिर आणि कडा वरखाली होणारी, अशा या विषम हालचालीमुळे रस्त्याच्या कडेपासून थोड्या आतल्या बाजूस लांबीला समांतर भेग पडते. ही लांबलचक भेग वऱ्हाडातील रस्त्याची ओळखखूणच म्हणता येईल. जूनमध्ये पहिले पाणी याच भेगेतून आत शिरते, खालची माती लोण्यासारखी मऊ होते, वरून जाणाऱ्या चाकाखाली आधारथर दबतो, भेगेला फाटे फुटतात आणि भाद्रपदापर्यंत तेथे खड्डा तयार होतो. मातीची भार पेलण्याची क्षमता अभियंते ‘सीबीआर’ या टक्केवारीने मोजतात. ठरावीक जाडीचा लोखंडी दट्ट्या मातीत रुतवायला लागणारा जोर प्रमाणित खडीच्या तुलनेत किती, असे हे माप आहे. चांगल्या मुरमाची ही टक्केवारी दोन आकडी असते, तर भिजलेल्या काळ्या मातीची बहुधा २ ते ४ एवढीच भरते.

पूर्णेच्या दोन्ही काठांवरील खारपाण पट्ट्यात ही अडचण आणखी वाढते. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून साडेचार हजार चौरस किलोमीटरहून अधिक पसरलेल्या या पट्ट्यात मातीत सोडियमचे क्षार आहेत. त्यांच्यामुळे मातीचे कण विखुरतात, तिच्यातील बारीक छिद्रे बुजतात आणि साचलेले पाणी मुरत नाही. तेथे रस्त्यालगतच्या खोलगट जागेत थांबलेले पाणी पाऊस उघडल्यावरही बराच काळ रस्त्याच्या पायाला भिडून राहते. शिवाय हा सारा गाळाचा प्रदेश असल्याने खाली दगड शेकडो फूट खोल आहे, आणि गिट्टी व मुरूम दोन्ही पठाराच्या किंवा सातपुड्याच्या कडेवरून वाहून आणावे लागतात. दगडाची वाहतूक हा येथील रस्त्याच्या खर्चातील मोठा भाग असल्यामुळे, जुन्या रस्त्यात आधीच आणून टाकलेली गिट्टी ही फेकून देण्याची वस्तू नसून साठवलेली संपत्ती आहे.

वरून होणाऱ्या झिजेचे मुख्य कारण उष्णता आहे. अकोला आणि अमरावतीत मे महिन्यात हवेचे तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते आणि काळा पृष्ठभाग ६५ अंशांच्या पलीकडे तापतो. डांबराची प्रतवारी भारतात त्याच्या चिकटपणावरून, म्हणजे ते तापल्यावर किती सहज वाहते यावरून केली जाते. रस्त्यांवर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचा मृदुकरण बिंदू किमान ४७ अंश, तर अधिक कठीण अशा व्हीजी-४० चा किमान ५० अंश असावा, असे मानक सांगते. अर्थात वऱ्हाडातील उन्हाळ्याच्या दुपारी डांबर त्या बिंदूच्या वर गेलेले असते आणि रस्त्याचा आकार टिकतो तो मुख्यतः खडीच्या एकमेकींत अडकलेल्या सांगाड्यामुळे. सांगाडा सैल असेल तर चाकोऱ्या पडतात. दुसरीकडे, हवेतील प्राणवायू व ऊन यांमुळे डांबरातील हलके घटक वर्षानुवर्षे कमी होत जातात, ते ठिसूळ होते, वरची बारीक खडी सुटू लागते आणि पृष्ठभाग करडा, खरखरीत दिसू लागतो. ही झीज वेळेत ओळखली तर तिच्यावरचा उपाय सर्वांत स्वस्त आहे, आणि तिच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, कारण अशा रस्त्यावरून वाहन अजून सुखाने जात असते.

चाकाच्या भाराचा परिणाम सरळ प्रमाणात वाढत नाही. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर मालमोटारी अखंड चालवून जी मोठी चाचणी झाली, तिच्यातून निघालेला नियम असा की आसावरचा भार जितक्या पटीने वाढतो, त्याच्या साधारण चौथ्या घाताने रस्त्याची हानी वाढते. भारतात जुलै २०१८ मध्ये चार टायर असलेल्या एकेरी आसावरील कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेण्यात आली. भार सुमारे १३ टक्क्यांनी वाढला, पण चतुर्घाताच्या हिशेबाने प्रत्येक फेरीमागे हानी ६० टक्क्यांहून अधिक वाढते, आणि फेऱ्या थोड्या कमी होतील हे धरले तरी दर टनामागे ती ४० टक्क्यांच्या वर उरते. जे जिल्हा मार्ग दुचाकी, एसटी आणि बैलगाडीच्या काळात आखले गेले, त्यांच्यावरून आज गिट्टी-मुरमाचे टिप्पर आणि जिनिंगकडे जाणारे कापसाचे ट्रक धावतात, आणि मर्यादेपेक्षा अधिक भरलेला एक टिप्पर अशा रस्त्याचे जे नुकसान करतो ते हजारो मोटारगाड्या मिळूनही करू शकत नाहीत.

रस्त्याचे आयुष्य एका वेगाने संपत नाही, ही गोष्ट खर्चाच्या साऱ्या विचाराचा पाया आहे. पहिली काही वर्षे गुणवत्ता हळूहळू उतरते, नंतर एका टप्प्यावर ती एकदम कोसळते. त्या टप्प्याआधी केलेला पातळ उपाय आणि त्यानंतर करावी लागणारी फेरबांधणी यांच्या खर्चात कित्येक पटींचा फरक असतो. जागतिक बँकेने १९८८ मध्ये ८५ विकसनशील देशांच्या रस्त्यांचा हिशेब मांडला, तेव्हा असे दिसले की वेळेवर सुमारे १२ अब्ज डॉलर देखभालीवर खर्चले असते, तर ४५ अब्ज डॉलर किमतीच्या रस्त्यांचे नुकसान टळले असते. तरीही सर्वत्र प्रथा उलटी आहे: जो रस्ता सर्वांत वाईट, ज्याच्यासाठी निवेदने आणि रास्ता रोको होतात, त्याला आधी निधी मिळतो, आणि जो अजून वाचवता येण्यासारखा आहे तो वाईट होईपर्यंत थांबवला जातो. वाईट रस्त्याच्या गावाची मागणी न्याय्य आहे, यात शंका नाही. पण दरवर्षीच्या निधीतील ठरावीक हिस्सा चांगल्या रस्त्यांच्या राखणीसाठी बाजूला काढला नाही, तर वाईट रस्त्यांची यादी कधीच आखूड होणार नाही.

उपाय निवडण्यापूर्वीची तपासणी अवघड किंवा महाग नाही. बेंकलमन बीम हे १९५० च्या दशकात अमेरिकेत तयार झालेले साधन म्हणजे लांब तरफेसारखा एक दांडा. भरलेल्या ट्रकच्या मागील जोडचाकांच्या मधोमध त्याचे टोक ठेवून ट्रक पुढे नेला की पृष्ठभाग किती मिलिमीटर दबला होता आणि किती वर आला, ते तबकडीवर वाचता येते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या आयआरसी-८१ या मार्गदर्शिकेत या मोजणीवरून वरच्या थराची जाडी ठरवण्याची रीत दिली आहे, आणि त्याहून अचूक अशा पडत्या वजनाच्या यंत्राची, म्हणजे फॉलिंग वेट डिफ्लेक्टोमीटरची, रीत आयआरसी-११५ मध्ये आहे. ही मोजणी पावसाळा संपताच, माती सर्वांत दुबळी असताना करावी, असा संकेत आहे. मार्च-एप्रिलमध्ये वाळून दगडासारख्या झालेल्या काळ्या मातीवर घेतलेले वाचन दिशाभूल करते. यंत्र मिळत नसेल तेथेही दर किलोमीटरला कडेला एक-दोन चाचणी खड्डे खणून थरांची जाडी, मुरमात मिसळलेली माती आणि ओलावा पाहता येतो. मगरीच्या पाठीसारख्या, चौकोनी-षटकोनी तुकड्यांत फुटलेल्या भेगा दिसल्या की आधारथर थकला आहे, असे समजावे. तेथे वरून कितीही चांगला लेप दिला तरी तो एक-दोन पावसाळ्यांत त्याच नक्षीत फुटतो. नुसती खडी सुटलेली, पण आकार न बिघडलेला पृष्ठभाग मात्र लेपाने वाचतो. या दोन रस्त्यांना एकाच अंदाजपत्रकात एकच थर लावणे ही उधळपट्टीच होय.

सर्व उपायांत स्वस्त उपाय डांबराचा नसून पाण्याचा आहे. डांबरी पृष्ठभागाला मध्यापासून कडेकडे २ ते २.५ टक्के उतार आणि साइडपट्टीला त्याहून थोडा जास्त उतार असला, तर पावसाचे पाणी रस्त्यावर थांबत नाही. वऱ्हाडातील ग्रामीण रस्त्यांवर प्रत्यक्षात उलटे आढळते: शेतातून निघणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेली माती आणि वाढलेले गवत यांमुळे साइडपट्टी डांबरापेक्षा उंच होते, आणि रस्ताच नालीचे काम करू लागतो. शेतात जाण्यासाठी नाली बुजवून वाट केली जाते, तिच्याखाली पाइप टाकला जात नाही, आणि त्या एका अडथळ्यामागे बरेच पाणी तुंबते. पाइपसह शेतवाट बांधून देणे, साइडपट्टी तासून तिच्यावर मुरूम दाबणे, मोरीतला गाळ काढणे, ही कामे गावातील मजुरांकडून आणि एका जेसीबीने होण्यासारखी आहेत. त्यांचा खर्च डांबरी थराच्या तुलनेत अगदी थोडा असतो. कडेच्या मातीचा ओलावा स्थिर ठेवणे हाच काळ्या मातीवरील रस्त्याचा खरा उपचार असल्यामुळे, मुरमाची रुंद आणि दाबलेली साइडपट्टी ही या प्रदेशात शोभेची वस्तू नसून रस्त्याचाच भाग आहे. मुरमाच्या बाबतीत एक चांगली वाट याच भागात पडली आहे: अकोल्यातील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या परिसरात तलाव खोदून निघालेले साहित्य महामार्गाच्या भरावासाठी वापरण्यात आले, आणि एकाच खोदकामातून रस्त्याला भराव व जमिनीला पाणीसाठा मिळाला. जिल्हा मार्गांच्या साइडपट्ट्यांसाठी गाव तलावांच्या खोलीकरणाची अशी सांगड घालणे, जेथे खाली मुरूम लागतो तेथे, सहज शक्य आहे.

पाण्याला वाट करून दिल्यानंतर पातळ उपचारांचा विचार येतो. भेगा भरण्याच्या पद्धतीत दाबाच्या हवेने भेग स्वच्छ करून तिच्यात रबर किंवा पॉलिमर मिसळलेले लवचीक डांबर ओततात. त्यानंतरची पायरी म्हणजे सरफेस ड्रेसिंग: पृष्ठभागावर डांबराचा किंवा इमल्शनचा, म्हणजे पाण्यात सूक्ष्म थेंबांच्या रूपात मिसळलेल्या डांबराचा, फवारा मारून त्यावर एकाच मापाची बारीक गिट्टी पसरून रोलर फिरवतात. न्यूझीलंडमधील बहुतेक डांबरी रस्ते याच पद्धतीवर चालतात, आणि तो देश काही गरीब नाही. वऱ्हाडात या पद्धतीची बदनामी झाली ती मुख्यतः चुरीने माखलेल्या गिट्टीमुळे. बेसाल्ट दगड रासायनिक दृष्ट्या अल्कधर्मी असल्याने डांबर त्याला क्वार्ट्झयुक्त दगडापेक्षा चांगले चिकटते, पण धूळ मध्ये आली की ही जमेची बाजू वाया जाते आणि गिट्टी चाकाखाली उडते. गिट्टी धुऊन किंवा आधीच डांबराचा हलका मुलामा देऊन वापरली आणि पहिले एक-दोन दिवस वाहनांचा वेग आवरला, तर ही तक्रार उरत नाही.

मायक्रोसरफेसिंग ही त्याच घराण्यातील अधिक प्रगत पद्धत आहे. पॉलिमरयुक्त इमल्शन, चुरी व बारीक खडी, थोडे सिमेंट आणि पाणी यांचे पातळ मिश्रण एका चालत्या यंत्रात तयार होऊन ४ ते ८ मिलिमीटर जाडीने रस्त्यावर पसरते, त्याला तापवावे लागत नाही, आणि साधारण दोन तासांत त्यावरून वाहतूक सोडता येते. आयआरसी-एसपी-८१ मध्ये याचे निकष आहेत. तुलना रुपयांऐवजी साहित्याच्या वजनात केली तर ती दरसूची बदलली तरी टिकते. साडेपाच मीटर रुंदीच्या एक किलोमीटर जिल्हा मार्गावर ४० मिलिमीटर जाडीचा गरम डांबरी काँक्रीटचा थर द्यायचा तर सुमारे ५३० टन मिश्रण व त्यात जवळपास २९ टन डांबर लागते. त्याच लांबीवर एकेरी सरफेस ड्रेसिंगला साधारण ६ टन, आणि मायक्रोसरफेसिंगला सुमारे ६० टन मिश्रणात ४ ते ५ टन डांबर पुरते. म्हणजे एका किलोमीटरच्या जाड थराच्या डांबरात जवळपास पाच किंवा अधिक किलोमीटर रस्ता पाण्यापासून वाचवता येतो. मात्र पातळ लेप रस्त्याला ताकद देत नाही. तो फक्त आहे ती ताकद टिकवतो. म्हणून तपासणीत सुदृढ ठरलेल्या रस्त्यापुरताच तो स्वस्त आहे, आणि मगरीच्या भेगांवर तो सर्वांत महाग ठरतो.

खड्डे बुजवण्याच्या रोजच्या कामात किफायत ही साहित्यापेक्षा कारागिरीवर अवलंबून असते. खड्ड्याच्या सैल कडा काढून तो सरळ उभ्या भिंतींचा चौकोन होईल असा कापणे, आतील पाणी व माती झाडून टाकणे, तळाला व भिंतींना डांबराचा पातळ हात देणे, मिश्रण थरांत भरून रोलरने दाबणे, हा क्रम पाळलेले ठिगळ कित्येकदा आजूबाजूच्या रस्त्यापेक्षा जास्त टिकते. ऐन पावसाळ्यात, जेव्हा हॉट मिक्सचे कारखाने बंद असतात, खड्ड्यात मुरूम किंवा मोठी गिट्टी टाकली जाते. मुरमाचा चिखल होतो, गिट्टी उडून दुचाकीस्वारांना इजा होते आणि खड्डा आणखी पसरतो. इमल्शनवर आधारित कोल्ड मिक्स, ज्याचे निकष आयआरसी-एसपी-१०० मध्ये २०१४ पासून उपलब्ध आहेत, ते पिशव्यांतून तालुक्याच्या ठिकाणी साठवून ठेवता येते आणि ओलसर हवेतही वापरता येते. ते टनामागे महाग असले, तरी जुलैत बुजलेला एक खड्डा सप्टेंबरमधील दहा चौरस मीटरची दुरुस्ती वाचवतो.

जाड थराचा विषय अमरावती-अकोला परिसरात निघाला की जून २०२२ मधील विक्रमाचा उल्लेख अपरिहार्य आहे. हजिरा ते पारादीप बंदर या राष्ट्रीय महामार्ग ५३ च्या रखडलेल्या अमरावती-अकोला टप्प्यात, लोणी ते माना या भागात, राजपथ इन्फ्राकॉन या कंपनीने ३ जूनच्या सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी काम सुरू करून ७ जूनच्या सायंकाळी ५ वाजता ७५ किलोमीटर लांबीची एक मार्गिका अखंड पूर्ण केली. १०५ तास ३३ मिनिटांच्या या कामात ७२० माणसे राबली, ३६,६३४ टन मिश्रण व २,०७० टन डांबर लागले, आणि कतारमधील दोहा येथील २५.२७५ किलोमीटरचा २०१९ मधील विक्रम मागे पडून गिनीज बुकात नोंद झाली. मिश्रणाचा अखंड पुरवठा, पेव्हरची गती आणि तापमान घसरण्याआधी दबाई, या तिन्हींचा मेळ घातल्याशिवाय असे काम होत नाही, आणि त्यात राबलेल्या मजुरांचे व चालकांचे श्रेय मोठे आहे. किफायतीच्या दृष्टीने मात्र या आकड्यांतून दुसरी गोष्ट दिसते: एका मार्गिकेच्या दर किलोमीटरला सुमारे २७.६ टन डांबर पडले. महामार्गावरील जड वाहतुकीला असा थर हवाच, पण त्यासाठी लागणाऱ्या डांबराचा मोठा वाटा देश आयात करतो आणि त्याचा भाव कच्च्या तेलाबरोबर हलतो. जिल्हा परिषदेच्या हजारो किलोमीटरांना हा मार्ग परवडणारा नाही. शिवाय इतक्या श्रमाने घातलेल्या पृष्ठभागाला पाच-सहा वर्षांनी, तो करडा पडू लागताच, पातळ लेप मिळाला तरच तो खर्च पूर्ण फळाला येईल.

आधारथरच थकलेल्या रस्त्यांसाठी पुनर्वापराच्या पद्धती सर्वांत आशादायक आहेत. सर्वांत सोपी म्हणजे मिलिंग: दात असलेल्या फिरत्या रुळाने वरचा डांबरी थर खरवडून काढतात, तो कारखान्यात नेऊन नव्या खडी-डांबरात साधारण ३० टक्क्यांपर्यंत मिसळतात. अमरावती किंवा अकोल्यासारख्या शहरात याचा दुहेरी लाभ आहे, कारण जुन्या थरावर नवा थर चढवत गेल्याने रस्त्याची पातळी दुकानांच्या व घरांच्या उंबऱ्यांपेक्षा वर जाते आणि पावसाचे पाणी घरात शिरते. खरवडून भरलेला रस्ता आपल्या पातळीवर राहतो. त्यापुढची पद्धत फुल डेप्थ रिक्लमेशन, म्हणजे डांबरी थर व त्याखालची खडी मिळून २०-३० सेंटिमीटर जाडीचा सारा रस्ता जागच्या जागी दळून, त्यात सिमेंट व आवश्यक तर रासायनिक स्थिरक मिसळून, पुन्हा दाबून नवा आधारथर तयार करणे. उत्तर प्रदेशाने प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात २०२२ पासून ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली, आणि गंगेच्या गाळाच्या त्या मैदानात दगड दुरून आणावा लागतो, हे पूर्णा खोऱ्याशी असलेले साम्य लक्षणीय आहे. नवी गिट्टी जवळजवळ लागत नाही, वाहतुकीचे टिप्पर कमी फिरतात आणि त्यामुळे शेजारचे रस्तेही वाचतात. सिमेंटने कडक झालेल्या थराला आक्रसण्याच्या भेगा पडतात व त्या वर उमटतात, म्हणून मधे ताण शोषणारा डांबरी पडदा द्यावा लागतो. तो खर्च वाचवण्याचा मोह टाळला पाहिजे.

यात वऱ्हाडापुरती एक अट जोडावी लागते. दळण्याचे दात खडीच्या थराखाली जाऊन काळी माती वर आणू लागले, तर सिमेंट त्या मातीत पुरेसे काम करत नाही. कमी जाडीच्या ग्रामीण रस्त्यांवर म्हणून आधी मातीच सुधारावी लागते, आणि तेथे चुना हा जुना व खात्रीचा उपाय आहे. मातीच्या वजनाच्या ३ ते ५ टक्के चुना मिसळला की कॅल्शियममुळे मातीचा चिकटपणा व फुगवटा घटतो आणि काही आठवड्यांत ती घट्ट होते. काळ्या मातीची ढेकळे नीट फुटल्याशिवाय चुना आत पोहोचत नाही, म्हणून तिच्या चूर्णीकरणासाठी आयआरसीने १९७३ मध्येच स्वतंत्र मार्गदर्शिका काढली होती. खारपाण पट्ट्यात मात्र चुना घालण्यापूर्वी मातीतील सल्फेटचे प्रमाण तपासणे अनिवार्य आहे, कारण चुना, सल्फेट आणि चिकणमाती यांच्या संयोगातून असे स्फटिक बनतात की ज्यांच्यामुळे मातीचे फुगणे थांबणे दूरच, उलट ती अधिक फुगते. बाळापूर तालुक्यातील पारसचे आणि अमरावतीजवळील नांदगाव पेठचे औष्णिक वीज केंद्र यांच्यामुळे राख दोन्ही जिल्ह्यांत जवळ उपलब्ध आहे, आणि चुना-राख मिश्रणाने चुन्याचे प्रमाण कमी करता येते. मुंबईच्या आयआयटीतील डॉ. आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा, साधारण मीटरभर जाडीचा, थर देण्याची पद्धत कालव्यांच्या कामांतून विकसित केली. जेथे नव्याने भराव घालायचाच आहे तेथे ती रस्त्यालाही उपयोगी आहे, केवळ पृष्ठभाग सुधारायचा असेल तेथे नाही.

व्हाइट टॉपिंग, म्हणजे जुन्या डांबरी रस्त्यावर सिमेंट काँक्रीटचे आच्छादन, बाजारपेठेच्या व सतत पाणी साचणाऱ्या शहरी रस्त्यांवर योग्य ठरते. १०० ते २०० मिलिमीटर जाडीचा थर मीटर-दीड मीटरच्या चौकोनांत कापला जातो, आणि आयआरसी-एसपी-७६ नुसार त्याच्या खाली पुरेसा जाड, सुदृढ डांबरी थर उरलेला असावा लागतो. या अटीकडे दुर्लक्ष करून गावठाणात काळ्या मातीवरील जेमतेम खडीवर ओतलेला काँक्रीट रस्ता कडेची माती सुकताच तडकतो, आणि फुटलेला काँक्रीट फोडून काढण्याइतका महाग दुरुस्तीचा प्रकार दुसरा नाही. पाणी पुरवठ्याच्या वाहिन्या आधी टाकून न घेतल्यास तर तो पुढच्याच वर्षी कापला जातो.

डांबरात मिसळायच्या पदार्थांविषयी थोडक्यातच सांगता येते. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रा. आर. वासुदेवन यांच्या पद्धतीने गरम गिट्टीवर टाकाऊ प्लास्टिकचा मुलामा दिला जातो, डांबराच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के प्लास्टिक वापरले जाते, आणि तापलेल्या वऱ्हाडी रस्त्यावर चाकोऱ्या कमी पडण्यास त्याची मदत होऊ शकते. अट एवढीच की पीव्हीसी वगळून, स्वच्छ व सुके प्लास्टिक मिळावे. विदर्भातच, नागपूर-जबलपूर महामार्गावर मनसर येथे २१ डिसेंबर २०२४ रोजी शेतीच्या अवशेषांतील लिग्निन मिसळलेल्या जैव-डांबराच्या टप्प्याचे उद्घाटन झाले. पुण्याची प्राज इंडस्ट्रीज आणि केंद्रीय रस्ते संशोधन संस्था यांच्या सहकार्याचे हे काम आहे. पऱ्हाटीचे ढीग धुऱ्यावर जाळणाऱ्या प्रदेशाला यात रस असणे स्वाभाविक आहे, पण देखभालीच्या आजच्या निर्णयांसाठी सिद्ध पद्धती पुरेशा आहेत.

त्या वापरात का येत नाहीत, याचे कारण तंत्रापेक्षा व्यवस्थेत अधिक आहे. महामार्ग, सार्वजनिक बांधकाम विभागाचे राज्य व जिल्हा मार्ग, आणि जिल्हा परिषदेकडील इतर जिल्हा व ग्रामीण मार्ग अशी मालकी विभागलेली असल्याने मायक्रोसरफेसिंगचे किंवा रिक्लमेशनचे महाग यंत्र एका छोट्या कामासाठी कोणी आणत नाही. दोन्ही जिल्ह्यांतील चाळीस-पन्नास किलोमीटर रस्ते एका निविदेत एकत्र केले तरच त्याचा दर उतरतो. नव्या बांधणीला योजना असते, देखभालीला वार्षिक तरतुदीतून उरेल ते मिळते. ग्राम सडक योजनेतही बांधणीनंतरच्या पाच वर्षांची देखभाल करारातच असली, तरी तिचा पैसा राज्याने द्यायचा असतो, आणि पाच वर्षांनंतर त्या रस्त्याला वाली उरत नाही. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९२७-२८ मध्ये इंधनावरील कराचा पैसा रस्त्यांसाठी राखून ठेवण्याचे तत्त्व मांडले, आणि त्यातून १९२९ मध्ये पेट्रोलच्या दर गॅलनमागे दोन आण्यांच्या अधिभारावर केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. तो निधी रस्त्यांच्या विकासासाठी होता. देखभालीसाठी तसाच राखीव निधी जिल्हा पातळीवर उभा करणे हे जवळपास शंभर वर्षांनंतरही बाकी राहिलेले काम आहे.

निधी किती यासोबत तो केव्हा मिळतो, हेही वऱ्हाडात तितकेच महत्त्वाचे आहे. काळ्या मातीच्या भेगा एप्रिल-मेमध्ये सर्वांत रुंद असतात, म्हणून कडेच्या लांब भेगा भरण्याचे, नाल्या उपसण्याचे आणि साइडपट्ट्या तासण्याचे काम मृगाच्या आधी संपायला हवे. पावसाळ्यात कोल्ड मिक्सचा साठा हाताशी हवा. ऑक्टोबरमध्ये बेंकलमन बीमची मोजणी व चाचणी खड्डे घेऊन रस्त्यांची वर्गवारी झाली, तर इमल्शनचे पातळ लेप नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सौम्य हवेत देता येतात, कारण मे महिन्याच्या उन्हात इमल्शन पसरण्यापूर्वीच फुटते. आणि गरम मिश्रणाची जाड कामे त्यानंतर उन्हाळ्याच्या सुरुवातीला घेता येतात. प्रत्यक्षात अंदाजपत्रके हिवाळ्यात मंजुरीसाठी फिरत राहतात, कार्यारंभ आदेश मार्चअखेरच्या धावपळीत निघतात, आणि लेपाचा हंगाम हातचा जातो. ऑक्टोबरची मोजणी आदल्या वर्षीच्या तरतुदीतून, आणि लेपाच्या निविदा दिवाळीपूर्वी उघडतील अशा वेळापत्रकाने करण्यास नव्या कायद्याची वा नव्या तंत्राची गरज नाही. अमरावती येथील मुख्य अभियंता कार्यालय आणि दोन्ही जिल्हा परिषदांचे बांधकाम विभाग यांच्या आपसातील निर्णयाने ते पुढच्या हंगामापासूनच सुरू होऊ शकते.